नळदुर्गचा साहेब, व्हाइटहॉलचा सचिव

१८५३ च्या मे महिन्यात निजामाने ईस्ट इंडिया कंपनीशी एक तह केला. निजामाने पोसायच्या कंटिंजंट फौजेच्या खर्चाचं देणं आवाक्याबाहेर गेलं होतं. त्याच्यापोटी वऱ्हाड, रायचूरचा दुआब आणि राज्याच्या पश्चिम कडेचा नळदुर्ग-धाराशिवचा मुलूख कंपनीच्या हवाली झाला. हा नवा मुलूख सांभाळायला नळदुर्गच्या किल्ल्यात एक इंग्रज अधिकारी येऊन राहिला. त्याचं नाव फिलिप मेडोज टेलर. पंधरा-सोळा वर्षांचा असताना तो हिंदुस्थानात आला, निजामाच्या चाकरीत वाढला आणि इथल्या भाषा शिकला. ठगांच्या कबुलीजबाबांवरच्या त्याच्या कादंबरीने १८३९ मध्येच विलायतेत नाव मिळवलं होतं. नळदुर्गला तो १८५७ पर्यंत होता. त्याने जमिनीची मोजणी सुरू केली, दप्तर लावलं, आणि पुढे १८६३ साली ‘तारा’ ही कादंबरी लिहिली. तिची सुरुवात आपल्या तुळजापुरात होते.

तह झाला त्याच वर्षी, १८५३ मध्ये, लंडनमध्ये आणखी एक कागद तयार होत होता. सर स्टॅफर्ड नॉर्थकोट आणि सर चार्ल्स ट्रेव्हेलियन यांनी २३ नोव्हेंबर १८५३ रोजी ब्रिटनच्या सरकारी नोकरीविषयीचा आपला अहवाल पूर्ण केला. ओळखीपाळखीने आणि वशिल्याने भरती करू नये, परीक्षा घ्यावी, हुशार तरुण निवडावेत आणि त्यांना कायम ठेवावं, असं त्यात म्हटलं होतं. मंत्री येतील आणि जातील, सचिव मात्र जागेवर राहील. ट्रेव्हेलियन स्वतः हिंदुस्थानात नोकरी करून गेलेला माणूस होता. याच सुमारास कंपनीच्या नव्या सनदेने हिंदुस्थानातल्या वरच्या नोकऱ्यांसाठी खुली परीक्षा ठरवली आणि १८५५ साली ती लंडनमध्ये पहिल्यांदा झाली. व्हाइटहॉलचा, म्हणजे लंडनच्या सरकारी कचेऱ्यांमधला, सचिव आणि हिंदुस्थानातल्या जिल्ह्याचा कलेक्टर ही दोन्ही पदं तेव्हापासून एकाच साच्यातून निघू लागली.

एकशे सत्तावीस वर्षांनी बीबीसीने याच सचिवावर एक विनोदी मालिका काढली. ‘येस मिनिस्टर’ तिचं नाव. ही मालिका पाहताना मराठवाड्यातल्या माणसाला परकं वाटत नाही. त्यातला पाऊस, छत्र्या आणि क्लब परके असतात, पण खुर्ची ओळखीची असते. तिच्यावर हसण्याची रीत तर आपल्याकडे त्या खुर्चीच्याही आधीपासून आहे. इतिहासातल्या या दोन वाटा एकत्र पाहिल्या की ब्रिटिश उपहासाची मोहिनी कशात आहे ते नीट उमगतं.

शरीराबाद परगण्याचा अर्ज

कचेरीच्या भाषेची नक्कल करून माणसाला हसवता आणि जागं करता येतं, हे मराठीत सोळाव्या शतकात एका संताने दाखवून दिलं. पैठणचे एकनाथ महाराज तरुणपणी देवगिरीच्या किल्ल्यावर जनार्दनस्वामींकडे राहिले. स्वामी तिथले किल्लेदार होते आणि नाथांकडे हिशेबाचं काम होतं. एका पैची चूक शोधण्यासाठी त्यांनी रात्र जागून काढली, ही कथा महाराष्ट्रात घरोघर सांगितली जाते. आपण ती एकाग्रतेचा धडा म्हणून सांगतो. मला तिच्यात आणखी एक गोष्ट दिसते : नाथांनी दप्तर आतून पाहिलं होतं. फारसी वळणाची सरकारी मराठी त्यांच्या कानात आणि बोटांत मुरली होती.

ती त्यांच्या भारुडांत उतरली. त्या भारुडांत अर्जदास्त आहे, जाबचिठ्ठी आहे, ताकीदपत्र आहे, अभयपत्रही आहे. नाथांनी देहाला परगणा केलं आणि त्या परगण्याचं नाव ठेवलं शरीराबाद. जीव झाला तिथला जिवाजी शेकदार, बुद्धी झाली बुधाजी कारकून, आणि हे दोघे धन्याकडे रीतसर अर्ज करतात. परगण्यात बंडाळी कशी माजली, वसुली कशी थकली, कोण कुणाला जुमानत नाही, याची ती तक्रार आहे. ऐकणारा शेतकरी रोज अशाच भाषेच्या दडपणाखाली जगत होता. ती भाषा कीर्तनाच्या रंगणात आली की तिचा धाक गळून पडे. नाथांचा हेतू अध्यात्माचा होता, पण त्यांची रीत उपहासाची होती. सत्तेची भाषा जशीच्या तशी उचलायची आणि तिला अशा ठिकाणी नेऊन ठेवायचं की तिचा पोकळपणा आपोआप ऐकू यावा. लंडनच्या लेखकांनी चारशे वर्षांनी नेमकं हेच केलं.

नळदुर्गचा मुलूख १८६० साली निजामाकडे परत गेला. निजामाचा दिवाण सालारजंग याने राज्याची जिल्हेबंदी केली, इंग्रजी अमलातली घडी उचलली आणि कलेक्टरला अव्वल तालुकदार म्हटलं. पुढे कचेरीची भाषा उर्दू झाली आणि वादी-प्रतिवादी मराठीच राहिले. आपल्याला काय हुकूम झाला हे कळण्यासाठी लोकांना दुसऱ्याचं तोंड पाहावं लागे. सातव्या निजामाच्या काळात गश्ती निशाण ५३ या सरकारी हुकमामुळे परवानगीवाचून सभा घेणंही अवघड झालं. अशा राज्यात उघड टीकेला जागा नव्हती, म्हणून ती सोंगात शिरली. तुळजापूरच्या गोंधळात संबळाच्या तालावर आख्यान रंगे आणि मधे साथीदार काहीतरी भलताच प्रश्न विचारून नायकाला अडवे. भारुडातला वेडा किंवा आंधळा शहाण्यांना चार गोष्टी ऐकवून जाई. वर्तमानपत्र नसलेल्या गावांना हे सोंगच वर्तमानपत्रासारखं होतं. १७ सप्टेंबर १९४८ ला मराठवाडा मुक्त झाला. अव्वल तालुकदाराच्या जागी पुन्हा कलेक्टर आला. त्याच्या हाताखालचा अव्वल कारकून, तहसील, पंचनामा हे शब्द मात्र होते तिथेच राहिले.

राजा, प्रधान आणि हवालदार

तमाशाच्या वगाची बांधणी पाहावी. राजा भोळा किंवा हौशी असतो. प्रधान गोड बोलणारा आणि पोचलेला असतो. राज्य राजाच्या नावाने चालतं, पण ते चालवतो प्रधान. त्यांच्यामध्ये एखादा हवालदार किंवा शिपाई असतो. तो दोघांचंही ऐकतो आणि शब्दाला शब्द लावून दोघांनाही उघडं पाडतो. बतावणीतला विनोद बराचसा असाच असतो. समोरच्याने बोललेला शब्द सोंगाड्या अक्षरशः घेतो आणि मोठ्या माणसाचं बोलणं त्याच्याच तोंडावर आपटतं.

स्वातंत्र्यानंतर मराठी लेखकांनी ही जुनी बांधणी लोकशाहीच्या कामाला लावली. पु. ल. देशपांडे यांनी ‘पुढारी पाहिजे’ हे लोकनाट्य लिहिलं. १९५२ च्या ‘अंमलदार’मध्ये त्यांनी गोगोलच्या रशियन गावातला भ्रष्ट अधिकारीवर्ग मराठी मुलखात आणला. वरून तपासनीस येतोय या बातमीने एका गावातल्या सगळ्या साहेबांची गाळण उडते, ही कल्पना समजावून सांगायला मराठी प्रेक्षकाला टिपणीची गरज पडली नाही.

मग १९६५ साली ‘विच्छा माझी पुरी करा’ आलं. लेखक वसंत सबनीस धाराशिवच्या शेजारच्या सोलापूरचे. कोतवालाच्या जागेवरून दरबारात चाललेलं कारस्थान, राजा, प्रधान, मैनावती आणि दादा कोंडके यांनी अजरामर केलेला हवालदार, एवढाच त्याचा ऐवज. सबनिसांच्या लेखनाची खुबी अशी की त्यांनी संहितेत चालू घडामोडींसाठी दारं उघडी ठेवली. त्या आठवड्यातली महागाई, त्या गावातली निवडणूक, समोर बसलेला पुढारी, सगळं त्या दारांतून रंगमंचावर येऊ शके. हे नाटक पुढे ‘सैंया भये कोतवाल’ या नावाने हिंदीत गेलं आणि उत्तरेतल्या मंडळींनी त्यात आपापली गावं भरली. चौकट पक्की असली की माती कुठलीही चालते, ही गोष्ट सबनिसांनी सिद्ध केली.

शनिवारची रात्र, लंडन

याच वर्षांत ब्रिटनमध्ये काय चाललं होतं? १९६० साली एडिंबरोच्या महोत्सवात पीटर कुक, डडली मूर, ॲलन बेनेट आणि जोनाथन मिलर या चार तरुणांनी ‘बियाँड द फ्रिंज’ हा प्रयोग केला आणि पंतप्रधानांची नक्कल राजरोस रंगमंचावर आणली. २४ नोव्हेंबर १९६२ पासून बीबीसीवर शनिवारी रात्री ‘दॅट वॉज द वीक दॅट वॉज’ सुरू झाला. निर्माता नेड शेरिन, निवेदक डेव्हिड फ्रॉस्ट. कार्यक्रम थेट प्रसारित होई आणि त्या आठवड्याची राजकीय झाडाझडती घेई. सरकारी पैशावर न चालणारी, पण सरकारी सनदेखालची संस्था सरकारवर हसते आहे, हे दृश्य तिथल्या लोकांनाही नवं होतं. १९६४ हे निवडणुकीचं वर्ष येणार म्हणून १९६३ च्या डिसेंबरात बीबीसीने तो बंद केला. तो जेमतेम वर्षभर चालला, पण मोठ्या पदाबद्दलची भीती त्याने एकदा मोडली ती मोडलीच.

त्या भीतीच्या पलीकडचं काम मात्र वेगळं होतं. मंत्र्याची नक्कल करणं सोपं असतं. मंत्री निर्णय घेतो, तो निर्णय खाली जातो आणि मधेच कुठेतरी विरून जातो. हे कसं होतं ते दाखवायला यंत्र आतून माहीत असावं लागतं. ते काम अँटनी जे आणि जोनाथन लिन या दोघांनी केलं.

जे हे बीबीसीतले जुने कर्मचारी. मोठ्या संस्था कशा वागतात याचा त्यांनी अभ्यास केला होता. कंपन्यांचा कारभार आणि मॅकियाव्हेली यांची सांगड घालणारं त्यांचं पुस्तक १९६७ साली गाजलं. १९७२ मध्ये त्यांनी जॉन क्लीज वगैरे मित्रांबरोबर एक कंपनी काढली. कार्यालयातल्या लोकांना बैठक कशी घ्यावी, ग्राहकाशी कसं बोलावं हे शिकवणाऱ्या विनोदी फिल्म ती बनवत असे. लिन केंब्रिजमध्ये कायदा शिकलेले नट आणि लेखक. त्यांनी या फिल्मसाठीही लिहिलं. म्हणजे ‘येस मिनिस्टर’च्या आधी दोघांनीही कार्यालयाच्या खोलीतला विनोद वर्षानुवर्षं घोटला होता.

दुसरी सामग्री आली एका डायरीतून. रिचर्ड क्रॉसमन हे १९६४ ते १९७० या काळात हॅरॉल्ड विल्सन यांच्या मंत्रिमंडळात होते. आपले सचिव आपल्याला कसे गुंडाळतात, हे ते रोज लिहून ठेवत. त्यांच्या मृत्यूनंतर डायऱ्या छापायला निघाल्या तेव्हा सरकार कोर्टात गेलं. कोर्टाने अडवलं नाही आणि १९७५ पासून त्या प्रसिद्ध झाल्या. मालिकेच्या नावाची बीजंही त्यांतच आहेत. त्याखेरीज पंतप्रधानांच्या कार्यालयात काम केलेल्या माणसांनी लेखकांना आतल्या हकिकती पुरवल्या.

पहिला भाग २५ फेब्रुवारी १९८० रोजी बीबीसी टू वर लागला. मंत्री जिम हॅकर झाले पॉल एडिंग्टन, कायम सचिव सर हम्फ्री ॲपलबी झाले नायजेल हॉथॉर्न आणि खासगी सचिव बर्नार्ड वूली झाले डेरेक फौल्ड्स. पुढे दुसऱ्या मालिकेत हॅकर पंतप्रधान होतात. १९८८ पर्यंत दोन्ही मालिका मिळून ३८ भाग झाले. हॅकर कुठल्या पक्षाचे, हे एकाही भागात सांगितलेलं नाही. हा निर्णय लेखनातला सर्वांत मोठा निर्णय आहे. पक्षाचं नाव असतं तर अर्धे प्रेक्षक हसले असते आणि अर्धे रागावले असते. नाव नसल्यामुळे सगळ्यांची नजर माणसावरून खुर्चीकडे वळली.

प्रत्येक कथा चांगल्या हेतूने सुरू होते. मंत्र्याला काही करायचं असतं : खर्च कमी करायचा, कारभार उघडा करायचा. सचिव कधी नाही म्हणत नाही. तो समिती नेमायला सुचवतो, वेळ योग्य आहे का असं विचारतो, आणि अगदीच वेळ आली तर निर्णय ‘धाडसी’ आहे असं म्हणतो. ‘धाडसी’ म्हणजे निवडणूकच जाणार, हे मंत्र्याला ठाऊक असतं आणि त्याचा चेहरा उतरतो. सर हम्फ्रींची लांबच लांब वाक्यं तर ऐकण्यासारखी. त्यांत एक पोटवाक्य दुसऱ्याच्या पोटात शिरतं, कर्ता हरवतो, क्रियापद शेवटी कुठेतरी भेटतं आणि तोवर ऐकणाऱ्याने आपला प्रश्न सोडून दिलेला असतो. बर्नार्ड मधे उभा राहून एखाद्या शब्दाची फोड करतो आणि सगळा डोलारा डळमळतो. राजा, प्रधान आणि शब्द अक्षरशः घेणारा हवालदार ही वगाची तिकडी व्हाइटहॉलमध्ये अशी उभी राहते. जे आणि लिन यांनी वग पाहिला नव्हता. माणसांचा कारभार जिथे असतो तिथे ही तीन पात्रं तयारच असतात, एवढंच त्यावरून समजायचं.

१९८१ सालचा एक भाग तर मराठवाड्याने पाहावाच असा आहे. त्यात एक नवं कोरं रुग्णालय आहे. तिथे पाचशे प्रशासकीय कर्मचारी आहेत आणि एकही रुग्ण नाही. सर हम्फ्री हे रुग्णालय उत्तम चाललं असल्याचं अगदी प्रामाणिकपणे पटवून देतात, कारण कागदावर त्यात काहीच कमी नसतं. हसता हसता प्रेक्षकाच्या पोटात गोळा येतो. या लेखनाचं बळ इथे आहे. त्यात खलनायक नाही. प्रत्येक माणूस आपल्या जागी बरोबर आहे आणि सगळे मिळून चूक आहेत.

सत्तेने या मालिकेला कवेत घ्यायचा प्रयत्नही केला. पंतप्रधान मार्गारेट थॅचर यांची ही आवडती मालिका. १९८४ च्या जानेवारीत एका पुरस्कार समारंभात त्यांनी एडिंग्टन आणि हॉथॉर्न यांच्याबरोबर एक छोटा प्रवेश स्वतः करून दाखवला. लिन यांना हे मुळीच रुचलं नाही. उपहास करणाऱ्याने सत्तेच्या बैठकीत बसू नये, ही त्यांची भूमिका मला आजही महत्त्वाची वाटते. आपल्या सोंगाड्यानेही पाटलाकडून दौलतजादा घेतला असेल, पण रंगात आल्यावर त्याने पाटलाला सोडलं नाही.

खुर्ची घरी येते

ब्रिटिश दूरचित्रवाणीची वाट आपल्याकडे आली ती आधी पुलंच्या पायांनी. आकाशवाणीत असताना ते बीबीसीत प्रशिक्षणासाठी गेले. त्या प्रवासातून ‘अपूर्वाई’ जन्माला आलं आणि १९५९ साली दिल्लीत दूरचित्रवाणी सुरू झाली तेव्हा पहिल्या निर्मात्यांत ते होते. २ ऑक्टोबर १९७२ ला मुंबई केंद्र सुरू झालं. ‘गजरा’मधल्या छोट्या नाटिका आणि चिं. वि. जोशी यांचा चिमणराव मराठी घरांत आले. त्यात घरगुती, मध्यमवर्गीय हसू होतं. कचेरीच्या आत शिरणारा उपहास मराठी पडद्याच्या वाट्याला कमी आला.

२००१ साली ‘येस मिनिस्टर’ हिंदीत ‘जी मंत्रीजी’ होऊन आली. मंत्री सूर्यप्रकाश सिंग झाले फारुख शेख, आणि सचिव झाले जयंत कृपलानी. विनोदी मालिका दुसऱ्या देशात नेताना बहुधा घर बदलावं लागतं, नाती बदलावी लागतात. इथे मंत्रालय तसंच राहिलं, सचिव तसाच राहिला, फायलीचा प्रवासही तोच राहिला. १८५३-५५ मध्ये ज्या दोन खुर्च्या एका साच्यातून निघाल्या होत्या, त्यातल्या एकीची गोष्ट दुसरीला जशीच्या तशी बसली.

भाषा मात्र बदलावी लागते, आणि इथेच मराठीची वेगळी श्रीमंती आहे. ‘उपरोक्त विषयास अनुसरून’, ‘सबब’, ‘योग्य त्या कार्यवाहीस्तव सादर’, ‘आपल्या स्तरावरून’ ही आपली सर हम्फ्री-भाषा. दुष्काळाचं उदाहरण घ्या. पिकाची पैसेवारी आधी नजरअंदाज येते, मग सुधारित, मग अंतिम. पन्नास पैशांच्या आत आली तर गाव दुष्काळात, वर राहिली तर गाव बरं, असा वर्षानुवर्षांचा हिशेब होता. शिवारात उभा असलेला शेतकरी आणि तक्त्यातला आकडा यांची गाठ पडतेच असं नाही. भूम-परंड्याच्या माळावर या आकड्यावर घर चालायचं किंवा थांबायचं. पाचशे कर्मचाऱ्यांच्या रिकाम्या रुग्णालयाची गोष्ट आणि ही गोष्ट एकाच जातीची आहे. फरक इतकाच, की आपली अजून कुणी मन लावून लिहिलेली नाही.

बोलीची अडचण तर मुळीच नाही. ‘येस मिनिस्टर’ सुरू होण्याच्या तोंडावर, १९७९ साली, औरंगाबादच्या लक्ष्मण देशपांडे यांनी ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ रंगमंचावर आणलं. एकट्या माणसाने तीन तास बावन्न पात्रं उभी केली आणि मराठवाड्याच्या बोलीत सगळा महाराष्ट्र हसवला. ही बोली लंडनपर्यंत वऱ्हाड घेऊन जाऊ शकते, तर तालुक्याच्या कचेरीपर्यंत नक्कीच जाईल. २०१७ च्या एप्रिलमध्ये जयंत सावरकरांच्या अध्यक्षतेखाली अखिल भारतीय मराठी नाट्यसंमेलन उस्मानाबादला, म्हणजे आजच्या धाराशिवला झालं. नाटकावर जीव टाकणारा प्रेक्षक या जिल्ह्यात आहे, हे त्यावेळी सगळ्यांनी पाहिलं.

अँटनी जे यांनी बैठका पाहिल्या होत्या, क्रॉसमन यांनी मंत्र्याच्या खुर्चीत बसून डायरी लिहिली होती आणि नाथांनी देवगिरीच्या दप्तरात रात्र जागवली होती. यंत्राच्या आत राहून ज्याने त्याचा आवाज ऐकला, त्याच्याच हातून असं लेखन झालं. म्हणून धाराशिवचा जिवाजी शेकदार लिहिणारा माणूस मला मुंबईच्या स्टुडिओत दिसत नाही. तो कळंबला, उमरग्याला किंवा लोहाऱ्याला एखाद्या कचेरीत आवक-जावक नोंदवहीसमोर बसलेला असेल. दिवसभर हातातून जाणारे अर्ज तो वाचत असेल, त्यांची भाषा त्याच्या कानात मुरत असेल. संध्याकाळी घरी गेल्यावर त्याने एक कोरा कागद घ्यावा आणि शरीराबाद परगण्याचा पुढचा अर्ज लिहायला बसावं.